पायांना परवडेल असं घर

भाड्याचं घर बघायला निघालं की पहिला प्रश्न असतो, भाडं किती? सत्तरी ओलांडल्यावर त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो. या दारातून निघून आपल्या पायांनी कुठवर जाता येईल?

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं लाखांदूर तालुक्यातलं आमचं गाव सोडून भंडाऱ्यात आलो. गावात घर होतं, अंगण होतं, नव्हता तो डॉक्टर. हिचे डोळे आणि गुडघे यांच्यापायी एस.टी.च्या खेपा करून दोघंही थकलो होतो. मुलगा पुण्याला या म्हणत होता. पण तिथे नातवाने हात धरल्याशिवाय हिला रस्ता ओलांडता येत नाही. मी एक महिना राहून पाहिलंय.

एजंटाने आधी गावाबाहेरचा नवा फ्लॅट दाखवला. चकचकीत फरशी, भाडं साडेचार हजार. आजूबाजूला मोकळे प्लॉट, आणि किराण्यासाठी हायवे ओलांडायचा. बाजारपेठेजवळच्या दोन खोल्या सहा हजारांना होत्या. फरक दीड हजाराचा. मी गणिताचा मास्तर, लगेच हिशेब मांडला. ऑटोचे जाऊन-येऊन ऐंशी रुपये, महिन्याच्या वीस फेऱ्या, झाले सोळाशे. स्वस्त घर महागच पडत होतं. शिवाय प्रत्येक फेरीला ऑटोची वाट बघणं आलंच.

मग आम्ही घर बघायची रीत ठरवली. मे महिन्यात, सकाळी अकराला, हातात पिशवी घेऊन दोघांनी चालून बघायचं. हिच्या चालीने, माझ्या नाही. भाजी, औषधाचं दुकान, बँक आणि वाचनालय पंधरा मिनिटांच्या आत हवं. वाटेत कडुनिंबाची सावली आहे का, टेकायला एखादा ओटा आहे का, हेही बघायचं. आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. सावली नसेल तर जवळचं दुकानही लांब होतं.

शेजाऱ्यांना एक प्रश्न मी हटकून विचारायचो, "२०२० साली पाणी कुठवर आलं होतं?" ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं आणि वैनगंगा शहराच्या सखल भागात शिरली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. लोक भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतात.

एक घर सगळ्या कसोट्यांना उतरलं. मालक हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुमाले नाही म्हनाले जीभ रेटत नाही जी. पन या वयात काही झालं तं आमी कोनाकोनाले सांगावं?" ही परत येताना एक शब्द बोलली नाही. रात्री एवढंच म्हणाली, "आपण आता कुणाच्या दारातली काळजी झालो का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या घरी मी स्वतःच विषय काढला. मुलाचा, भाच्याचा आणि डॉक्टरांचा फोन नंबर लिहिलेला कागद घरमालकीण बाईंपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चहा टाकला.

करारावर मात्र गाडी अडली. "अकराच महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?" हा समज सगळीकडे आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत अकरा महिने असली तरीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती झाली नाही आणि वाद निघाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे कळल्यावर बाईंनीच घाई केली. आता ही नोंदणी ऑनलाइनही होते. म्हाताऱ्या भाडेकरूला त्या कागदाचा आधार फार वाटतो.

खोल्या जुन्या आहेत, पावसाळ्यात एका कोपऱ्याला ओल धरते. असो.

परवा दुपारी झोपेतून उठलो तर ही घरात नाही. चप्पलही नाही. मी घाबरून दारात आलो, तोच समोरून सावकाश येताना दिसली.

"अगं, कुठे गेली होतीस?"

"सांबार आणायला," ती म्हणाली. "त्यात सांगून काय जायचं?"