माणूस मोजताना

कागदावर तो माणूस बोटीवर होता. एप्रिल 2004 मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रात एका ऑइल रिगपाशी डाइव्हला उतरलेला तो बोटीपासून लांब वर आला आणि प्रवाहाबरोबर वाहत गेला. इकडे बोटीवर हजेरी झाली, त्याच्या नावापुढे खूण झाली, बोट पुढच्या ठिकाणी गेली. तिथे त्याने पुन्हा डाइव्ह केल्याचीही नोंद झाली. काही तासांनी, स्काउटची मुलं घेऊन चाललेल्या एका शिडाच्या जहाजावरून तो धुक्यात दिसला म्हणून वाचला.

मालवणात आमच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी ही घटना सांगतो. ग्रेट बॅरियर रीफवरची घटना तर त्यांना ठाऊकच असते. 25 जानेवारी 1998 ला एक अमेरिकन जोडपं मागे राहिलं, दोन दिवसांनी बोटीवर त्यांची पिशवी सापडली तेव्हा कुठे ते लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये मोजणीचे, नोंदीचे नियम कडक झाले. पण मला कॅलिफोर्नियाची घटना जास्त छळते, कारण तिथे यादी होती, पेन होतं, हजेरी घेणारा माणूसही होता.

मी वाशीम जिल्ह्यातला, कारंज्याकडचा. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे अडाण धरण. तिथून समुद्रावर कसा पोचलो ती वेगळी गोष्ट, पण मोजायचं कसं ते मी गावातच पाहिलं होतं. आमचा गुराखी संध्याकाळी गुरं आकड्याने मोजत नसे. किती आहेत विचारलं तर त्याला पटकन सांगता यायचं नाही. मात्र एखादी मागे राहिली की पांदणीतच थांबायचा, म्हणायचा, "बांडी दिसून नाई राह्यली." बोटीवर मला हेच हवं असतं. आकडा जुळतो आणि माणूस चुकतो, असं होऊ शकतं.

आणि होतं कसं, तेही सांगतो. मे महिन्यात तारकर्ली, देवबाग, दांडीच्या किनाऱ्यावर जी स्कूबा चालते, तिच्यात बहुतेक पर्यटकांना पोहता येत नाही. पाण्याखाली प्रशिक्षकाचा हात त्यांच्या सिलिंडरवरून सुटत नाही, त्यामुळे खाली कुणी हरवणं अवघड. घोळ होतो तो वर, दोन बोटींच्या मध्ये. एखाद्या ताईंना बोट लागते, त्या उलट्यांनी बेजार होतात, म्हणून आम्ही त्यांना किनाऱ्याकडे निघालेल्या दुसऱ्या बोटीत बसवून देतो. सोबत त्यांचा भाऊ जातो की नाही, हे त्या गडबडीत कुणी लिहीत नाही. निघताना दोन कमी भरतात आणि सगळे म्हणतात, अहो, ते दोघं मघाशीच गेले. त्या एका वाक्याची मला फार भीती वाटते. म्हणून बोट बदलणाऱ्याचं नाव दोन्ही बोटींवर लिहायचं, आणि ते लिहून झाल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही.

शिवाय पाण्यातून आलेला माणूस ओळखू येत नाही. काळा वेटसूट, चपटे ओले केस, कपाळावर आणि गालांवर मास्कचा लाल वळ. सकाळी मिशीला पीळ देऊन बसलेले काका दुपारी कुठल्याही पोरासारखे दिसतात. मी एकेकासमोर जातो, नाव विचारतो, त्याने स्वतः उत्तर द्यायचं आणि पाटीवर स्वतःच्या नावापुढे स्वतःच खूण करायची. दुसऱ्याच्या वतीने "आहे" चालत नाही. आमच्या भागातली मोठी कुटुंबं आली की यावरून हटकून वाद होतो.

"बापू, माह्यी मानसं मले मालूम नाई का? सगळे आले, चाल आता."

"काका, तुम्हाला माहीत आहेत, मला नाहीत. प्रत्येकाला बोलू द्या."

तोवर मागून तांडेल विचारतो, "झाला काय रे?" त्याचा हात इंजिनावर असतो, ओहोटी लागलेली असते, पुढची गिऱ्हाईकं किनाऱ्यावर ताटकळत असतात. पाटी त्याच्या हातात गेल्याशिवाय तो इंजिन सुरू करत नाही. हे त्याने आपणहून पाळलेलं आहे, आणि त्याच्याइतका मान मी या धंद्यात फार थोड्यांना देतो.

पाटीची एक नक्कल किनाऱ्यावर हवी, हे आम्ही उशिरा धरलं. 24 मे 2022 ला तारकर्लीत स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. उलटलेल्या बोटीपाशी पहिला प्रश्न असतो, आत किती जण होते? 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा परवान्यापेक्षा जास्त, शंभरावर माणसं बोटीत होती. एका लहान मुलाचा शोध त्यानंतरही काही दिवस चालला. विदर्भातही हे घडलंय. वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत 14 सप्टेंबर 2021 ला नाव उलटून 11 जण बुडाले. यादी बोटीबरोबरच बुडाली तर शोधणाऱ्यांना थांबायचं कधी, हेच कळत नाही.

पावसाळ्यात मालवणच्या बोटी बंद असतात तेव्हा मी गावी असतो. पुरात रबरी बोट घेऊन उतरणाऱ्या आमच्या भागातल्या पोरांबरोबर बसतो. नावं लिहायला पुरात वेळ कुठे, असं ते म्हणाले, आणि ते खरंच आहे. पलीकडे छपरावर बाया-पोरं उभी असताना वही कोण काढणार? मग ठरलं ते असं. प्रत्येक लाइफ जॅकेटवर पाठीपोटावर मोठा आकडा रंगवायचा. जॅकेट अंगावर चढवतानाच काठावरच्या माणसाने आकड्यापुढे नाव लिहायचं, उतरवून घेताना दोन्ही वाचून खोडायचं. वही बोटीत जाणार नाही, ती पोलीस पाटलांकडे राहील. पाटील तयार झालेत. निम्म्या जॅकेटांवर रंग अजून चढायचा आहे.