दिवाळ्याची फेरी आणि खाजणारे डोळे

बेलापूरच्या इमारती मागे टाकून पनवेलच्या खाडीकडे उतरले, की दिवाळे हे कोळ्यांचे गाव लागते. मुलांकडे राहावयास आलेले अनेक ज्येष्ठ सकाळी तेथील जेटीपर्यंत फेरी मारतात. होड्या पाहाव्यात, ताजी मासळी घ्यावी, खारा वारा खावा. आपणही जात असाल तर जरूर जात राहा. मात्र पावसाळा सरून गवताला तुरे आले, की हीच मंडळी डोळे चोळत दवाखान्यात येऊ लागतात.

यात खाडीचा दोष नाही. गवताचे परागकण हवेत उडत असतात, पाऊस थांबल्यामुळे रस्त्याची व बांधकामांची धूळ बसत नाही, आणि थंडीत पहाटेची हवा जमिनीलगत साचून राहते. शरीर परागकणाला शत्रू समजते, डोळ्याच्या नाजूक पडद्यात हिस्टामिन सुटते आणि दोन्ही डोळे खाजू, लाल होऊ, पाझरू लागतात. खाज ही ॲलर्जीची मुख्य खूण होय. खाजेपेक्षा वाळू गेल्यासारखे खुपत असेल, तर उतारवयात बहुधा डोळ्यांचा कोरडेपणा असतो. त्यातही पाणी येते, म्हणून फसगत होते.

फेरीला ऊन जरा वर आल्यावर निघावे, गॉगल घालावा. परतल्यावर तोंड व मिटलेल्या पापण्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात आणि थंड पाण्याची घडी दहा मिनिटे डोळ्यांवर ठेवावी. चोळू मात्र नये. चोळल्याने हिस्टामिन आणखी सुटते. गुलाबपाणी, मध वगैरे घरगुती प्रयोग डोळ्यांत नकोतच.

आता काळजीने सांगावेसे वाटते ते थेंबांविषयी. शेजाऱ्याला लागू पडलेली बाटली औषधाच्या दुकानातून आणून महिनोन्महिने घालणारे पुष्कळ आहेत. अशा बाटलीत स्टेरॉइड असल्यास लाली दोन दिवसांत जाते, रुग्ण खूश होतो, आणि आत डोळ्याचा दाब निमूटपणे वाढत राहतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो. साध्या ॲलर्जीला ओलोपॅटॅडीनसारखे थेंब बहुधा पुरतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते.

घरी आजी-आजोबांना थेंब घालणाऱ्यांनी आज एवढे करावे: घरातील प्रत्येक बाटलीवरचे नाव वाचावे. शेवटी ‘सोन’ असलेले, डेक्सामेथासोनसारखे, नाव दिसले तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जावे. ती आपल्या मनाने एकाएकी बंदही करू नये, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीच औषधे मुद्दाम दिलेली असतात. आणि एकच डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील किंवा नजर अंधुक झाली असेल, तर ॲलर्जी समजून थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.