बोंब मारणारी चूक बरी

मेलबॉक्स भरला, पासवर्ड विसरला, मेल भलत्यालाच गेला, या चुकांचं मला फारसं काही वाटत नाही. त्या ओरडून सांगतात, म्हणून त्या दुरुस्तही होतात. डोक्यात जाते ती वेगळीच चूक. पाठवणाऱ्याच्या लेखी मेल गेलेला, सर्व्हरच्या लेखी पोचलेला आणि ज्याच्यासाठी होता त्याला त्याचा पत्ताच नाही. छोट्या धंद्यांच्या वेबसाइट आणि त्यांचे मेल सांभाळण्याच्या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मेलची घडी बसवताना प्रत्येक सेटिंगला एकच प्रश्न विचारावा : हे बिघडलं तर कुणाला कळेल? ज्याचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असं येईल ते सेटिंग, ते कितीही सोयीचं असलं तरी, बदलावं.

रत्नागिरीतलं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आंबा बागायतदार असो, गणपतीपुळ्याचं होमस्टे असो की मिरजोळे एमआयडीसीतला प्रक्रिया उद्योग, ओळखीतला डिझायनर वेबसाइट करून देतो, डोमेन घेतो, शेअर्ड होस्टिंगवर जागा घेतो आणि सीपॅनेल या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘इन्फो’ नि ‘सेल्स’ असे दोन पत्ते काढून देतो. त्यानंतर ते पॅनेल सहसा कुणी उघडत नाही. उघडलं तरी ‘ईमेल’ या मथळ्याखाली इतकी चिन्हं दिसतात, की माणूस काही बिघडायला नको म्हणून पुन्हा बंद करतो. त्यातली बरीचशी आयुष्यभर हाताळली नाहीत तरी चालतं. चालत नाही ती चार : ईमेल राउटिंग, डिफॉल्ट अ‍ॅड्रेस, फॉरवर्डर्स आणि ईमेल डिलिव्हरेबिलिटी.

यात सर्वांत घातक ‘ईमेल राउटिंग’. धंदा वाढला की मेल होस्टिंगवरून उचलून गूगल किंवा झोहोकडे नेतात. त्यासाठी डोमेनचे एमएक्स रेकॉर्ड बदलावे लागतात. या डोमेनचं टपाल कुठल्या सर्व्हरच्या हाती द्यायचं, हे बाहेरच्या जगाला सांगणारी ती नोंद. ती बदलली, पुण्याहून मेल आला, दुबईहून आला, सगळे खूश. पण वेबसाइट अजून जुन्या सर्व्हरवरच असते आणि त्या सर्व्हरला ही बदली कुणी कळवलेली नसते. राउटिंगमध्ये ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ तसंच राहिलेलं असतं, म्हणजे या डोमेनचं टपाल आपल्याच घरात वाटायचं अशी त्याची समजूत कायम असते. मग वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून निघालेला मेल सर्व्हरच्या बाहेर पडतच नाही. एमएक्स रेकॉर्ड बघायची सर्व्हरला गरजच वाटत नाही. तो मेल जुन्या ‘इन्फो’च्या मेलबॉक्समध्ये टाकून मोकळा होतो. फॉर्म भरणाऱ्याला ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असं दिसतं. ‘ट्रॅक डिलिव्हरी’ उघडून बघावं तर तिथेही मेल पोचल्याचीच नोंद. खोटं कुणीच बोललेलं नाही, आणि तरी एप्रिलमधली पाच पेट्यांची मागणी पाऊस सुरू झाला तरी तिथेच पडून असते.

याचा दुसरा अवतार जास्त चीड आणणारा. गावातला डिझायनर एक रिसेलर खातं घेतो आणि आपली सगळी गिऱ्हाइकं एकाच सर्व्हरवर बसवतो. स्वस्त पडतं, त्यात गैर काही नाही. पण आंबा पाठवणाऱ्याने आपले मेल गूगलकडे हलवले, त्याला खोके पुरवणारा मात्र त्याच सर्व्हरवर राहिला, की खोकेवाल्याने पाठवलेलं बिल सर्व्हर बाहेर सोडत नाही. हे डोमेन तर माझ्याकडचंच, असं म्हणून ते जुन्या मेलबॉक्समध्ये ठेवून देतो. दुबईचा मेल येतो आणि रत्नागिरीतल्या रत्नागिरीत, मारुती मंदिरावरचा माळनाक्याला पोचत नाही. दोघंही एकमेकांवर संशय घेतात. बिल पाठवलंच नाही असं एक म्हणतो, पैसे टाळायला बहाणा करतोय असं दुसरा म्हणतो. तक्रार केली तर तपासणारा स्वतःच्या जीमेलवरून मेल टाकून बघतो. तो बरोबर पोचतो, कारण तो बाहेरून आलेला असतो. चाचणी यशस्वी, तक्रार खोटी. वास्तविक उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडायचं आणि सेव्ह करायचं. ‘आपोआप ओळखा’ असाही पर्याय तिथे आहे, पण डोमेनच्या नोंदी, म्हणजे डीएनएस, दुसरीकडे ठेवलेलं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. त्यानंतर जुन्या मेलबॉक्समधलं उपयोगाचं काढून घ्यावं आणि ते मेलबॉक्स पुसूनच टाकावेत. म्हणजे उद्या कुणी चुकून पुन्हा ‘लोकल’ केलंच, तर मेल मुकाट पडून न राहता परत जाईल.

परत जाईल, पण ‘डिफॉल्ट अ‍ॅड्रेस’ नीट लावलेला असेल तरच. आपल्या डोमेनवर जो पत्ताच अस्तित्वात नाही त्याच्या नावे आलेल्या मेलचं काय करायचं, ते इथे ठरतं. एक पर्याय असा, की असे सगळे मेल एका पेटीत गोळा करायचे. दुसरा, की पाठवणाऱ्याला कारण सांगून दारातूनच परत करायचे. बहुतेकांना पहिला आवडतो. कुणी स्पेलिंग चुकवलं तरी ऑर्डर हातची जायला नको, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही, पण ती पेटी कुणी उघडत नाही. तिच्यात कचरा साठतो, होस्टिंगची जागा भरते, आणि ती जागा मेल नि वेबसाइट यांची सामाईक असल्यामुळे एक दिवस दोन्ही अडतात. नेहमी चुकणारी स्पेलिंग ठाऊक असतील तर त्या नावांचे पत्ते मुद्दाम काढून ठेवावेत. बाकी सगळं परत करावं. ही काही माझी लहर नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मेल पोचवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे नियम आरएफसी ८२१ म्हणून लिहिले, त्यांची सुधारित आवृत्ती, आरएफसी ५३२१, २००८ मध्ये आली. त्यानुसार सर्व्हरने मेल घेऊन ‘२५०’ म्हणजे ‘ठीक’ असं उत्तर दिलं, की तो पोचवण्याची किंवा न पोचल्याचं कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. पोस्टमन ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा मारून पत्र परत आणायचा तो याच रीतीने. सगळं गिळणारी पेटी लावून ही रीत आपणच मोडतो.

यावर आक्षेप येतो, की मेल परत गेला तर गिऱ्हाइकासमोर शोभा होते. होऊ दे. मेल परत आलेला माणूस फोन करतो. ज्याचा मेल गिळला गेला तो वाट बघतो आणि हापूसचा मोसम सरायच्या आत दुसऱ्या बागायतदाराकडे वळतो. याच न्यायाने स्पॅम फिल्टरमधलं ‘नवीन स्पॅम आपोआप पुसून टाका’ हे कलम मी बंद ठेवायला सांगतो. कचऱ्यात गेलेलं शोधता येतं, पुसलेलं नाही.

फॉरवर्डर्सचं दुखणं जरा वेगळं. डोमेनवरचे मेल आपल्या जीमेलकडे वळवून ठेवले की काम झालं असं वाटतं. पण कुठल्या सर्व्हरला कुठल्या डोमेनच्या नावे मेल पाठवायची मुभा आहे, हे एसपीएफच्या नोंदीत लिहिलेलं असतं, आणि वळवलेला मेल पाठवतो तो आपला सर्व्हर, मूळ पाठवणाऱ्याचा नव्हे. तपासणीत तो संशयित ठरू शकतो. शिवाय आपल्याकडे आलेला कचराही आपल्याच सर्व्हरच्या नावाने पुढे जातो आणि नाव बदनाम होतं ते आपलं, एकाच आयपीवर बसलेल्या शेजाऱ्यांसकट. त्यापेक्षा मोबाइलमध्ये तोच मेलबॉक्स आयमॅपने सरळ जोडावा. डिलिव्हरेबिलिटीच्या पानावर एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डोमेनची डिजिटल सही, बरोबर आहेत की नाहीत ते दिसतं. तिथली नेहमीची चूक म्हणजे एसपीएफच्या दोन नोंदी, एक होस्टिंगची आणि एक नंतर चिकटवलेली गूगलची. एका डोमेनला एकच नोंद चालते. दोन असल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम आवळले आहेत. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याकडे दोन्ही, शिवाय डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद. छोट्या धंद्याला पाच हजारांशी काय करायचं आहे, असं कुणी म्हणेल. पण डीमार्क लावून त्यात अहवालांसाठी पत्ता दिला की आपल्या नावाने जगात कोण मेल पाठवतंय याचे अहवाल येऊ लागतात, म्हणजे पुन्हा आवाज झालाच. सुरुवातीला धोरण ‘नन’, म्हणजे ‘काही करू नका’, असं ठेवावं, अहवाल बघावेत, मग कडक करावं. ‘क्वारंटाइन’वर मात्र फार काळ रेंगाळू नये. त्यात मेल स्पॅममध्ये जाऊन गप्प बसतो. ‘रिजेक्ट’ निदान पाठवणाऱ्याला कळवतं.

आता सर्वांत मोठा आक्षेप : आपलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं, मेल बघतो कोण? धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो हे कबूल, पण कायदा तिथवर थांबत नाही. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीत दिलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस बजावणीच्या मान्य पद्धतींपैकी एक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम १३ म्हणतं, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर, ठरवून दिलेल्या संगणक यंत्रणेत मेल शिरला त्या क्षणी तो मिळाला. मिळाला, वाचला नव्हे. आपण उघडत नाही अशा पेटीत पडलेल्या कागदाची मुदतही त्या दिवसापासून मोजली जाऊ शकते. एवढं म्हणून झाल्यावर मला माझंच म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतं. जो फक्त मोसमात पेट्या पाठवतो आणि ऑर्डरी फोनवर घेतो, त्याला मी पूर्वी स्वतःच्या डोमेनच्या मेलचा आग्रह करायचो. आता करत नाही. कुणाचं लक्ष नसलेल्या डोमेनच्या पत्त्यापेक्षा रोज उघडलं जाणारं फुकटचं जीमेल कितीतरी भरवशाचं. पेटीवर जीमेलचा पत्ता छापल्याने हापूसची चव उतरत नाही.

राहिला डिझायनर. ‘ते तोच बघतो’ हे वाक्य मी रत्नागिरीत जितकं ऐकलं तितकं दुसरं नाही. बघू दे, पण डोमेन मालकाच्या नावावर हवं आणि पॅनेलचा पासवर्ड मालकाकडेही. जागा संपत आल्याचे इशारे ज्या पत्त्यावर येतात तो पॅनेलमधल्या ‘कॉन्टॅक्ट इन्फर्मेशन’मध्ये असतो, आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. जो मेल बंद पडल्याची सूचना त्याच मेलवर येणार असेल, ती वाचणार कुठे? डोमेनच्या नूतनीकरणाचंही तेच. डॉटकॉमसारख्या डोमेनची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर राहिला असताना आठवण पाठवणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे, पण ती नोंदवलेल्या पत्त्यावर. तो पत्ता गाव सोडून गेलेल्या डिझायनरचा असेल, तर आठवण त्यालाच येणार.

तेव्हा आज दोन गोष्टी करा. आपल्याच वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म गिऱ्हाईक बनून भरा. मग बाहेरच्या एखाद्या खात्यावरून आपल्या डोमेनवर, अस्तित्वातच नसलेल्या नावाने एक मेल टाका. पहिला मेल तुमच्या मोबाइलवर आला पाहिजे आणि दुसरा कारणासह परत गेला पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही, तर ते दोन मेल नेमके कुठे पडले आहेत हे डिझायनरला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.