निंदणीच्या ओळीतलं बोलणं

पाड्यावर एक बाई दुसरीच्या घरी दार लोटून तासभर बोलत बसली, की संध्याकाळपर्यंत त्याची चर्चा होणारच. म्हणून पेठ तालुक्यातल्या एक ताई घरात बसून बोलणं टाळत. नागलीच्या निंदणीत शेजारची ओळ धरायची, नाहीतर विहिरीवर जाताना सोबत चालायचं. हाताला काम असलं की माणूस बोलतो, असा त्यांचा अनुभव. मी त्यांच्याबरोबर फिरले तेव्हा माझ्याही हाती खुरपं आलं. नागली कुठली आणि तण कुठलं हे मला ओळखता येईना, त्यावर बायकांची बरीच करमणूक झाली.

ताई बचत गटाच्या अध्यक्ष, दहावीपर्यंत शिकलेल्या. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं २०१३ ते २०१५ या काळात पेठमधल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रयोग राबवला, त्यात त्या स्वयंसेवक झाल्या. कामाचे दोन थर होते. ‘आत्मीयता मित्र’ गावात कोण खचलंय, कोण माणसांत यायचं बंद झालंय, याकडे लक्ष ठेवत आणि कळवत. ‘चॅम्पियन’ प्रशिक्षण घेऊन त्या माणसाशी चार-सहा वेळा ठरवून बोलत. ताई चॅम्पियन होत्या.

ठरवून म्हणजे कसं, ते एका ओळीत खुरपताना ऐकायला मिळालं. (त्या बाईनं मला बसू दिलं; ओळख पटेल असं काही इथे सांगत नाही.) नवरा दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेलेला. मुकादमाकडून घेतलेली उचल दारूत गेलेली. हिला रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड. एरवी अशा वेळी आजूबाजूच्या बायका काय म्हणतात ते आपल्याला पाठ असतं: सगळ्यांच्याच घरी असतं बाई, मन घट्ट कर, पोरांकडे बघ. ताईंनी यातलं काहीच म्हटलं नाही. बराच वेळ त्या नुसतं ‘मग?’ एवढंच विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘गटाच्या बैठकीला का येईनास गं?’’ हप्ता थकलाय, तोंड कसं दाखवू, असं उत्तर आलं. मग दोघींनी मिळून ठरवलं की पुढच्या बैठकीला नुसतं येऊन बसायचं, हप्त्याचं कुणी काढलं तर ताई बघतील. एवढंच.

ऐकायला हे फार किरकोळ वाटतं. पण उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि त्यानं आणखी उदास होतो, म्हणून सोडलेलं एखादं छोटं काम पुन्हा हाती द्यायचं, ही मानसोपचारातली पारखलेली रीत आहे. ताईंना तिचं शास्त्रीय नाव सांगता आलं नसतं. बैठकीत त्या बाईला दाराजवळची जागा द्यायची, म्हणजे नको वाटलं तर उठून जाता येईल, हे मात्र त्यांना बरोबर सुचलं.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या पिशवीतले कागद. रेशन कार्डाच्या झेरॉक्स, संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज, कुणाच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. सरकारी योजनेचा लाभ मिळवून देणं हा आत्मीयतेच्या कामाचाच भाग होता, आणि शहरातल्या समुपदेशनात नेमकं हेच नसतं. एका विधवेची झोप एका दाखल्यासाठी उडाली होती. ज्या कार्यालयात तो मिळायचा तिथे ‘उद्या या’ हेच उत्तर ठरलेलं. ताई तिच्यासोबत जाऊन बाकड्यावर ठाण मांडून बसल्या. दाखला मिळाला. आता हे समुपदेशन की वशिला, हा वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा.

हद्दही त्यांना ठाऊक होती. कानात आवाज येतात असं कुणी सांगितलं किंवा मरणाची भाषा कुणी केली, तर ताई स्वतः उपाय करत नसत, डॉक्टरांकडे पाठवत. पण डॉक्टर किती? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार पाहणी झालेल्या बहुतेक राज्यांत लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नव्हता, आणि बहुतेक मानसिक आजारांत दहातल्या सातांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. आता १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२पासून. डोंगरात रेंज असेल तिथे तो लागतो.

पेठचा प्रयोग पुढे गुजरातेत गेला. २०१७पासून मेहसाणा जिल्ह्यातल्या ६४५ गावांत त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली, आणि चॅम्पियन ज्या गावांत पोचले तिथे तीन महिन्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं.

ताईंना याचं कौतुक होतंच, तरी त्यांचं स्वतःचं एक गाऱ्हाणं होतं. गावभरची दुःखं ऐकायची आणि घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही. सासू रोज विचारायची, ‘‘एवढा वेळ काय बोलत होतीस तिच्याशी?’’ ताई रोज सांगायच्या, भिशीचं. शेवटी सासूनंच भिशीत नाव घालायला सांगितलं, आणि नसलेली भिशी ताईंना खरोखर सुरू करावी लागली.