आमचें विमानशिक्षण

गेल्या दिवाळींत शाळेंत सहज गेलों असतां आमच्या जुन्या हेडमास्तरांनीं गांठून विचारलें, "कां रे, मोटार हांकण्यासाठीं कोणी बी. एस्सी. होत नाहीं, मग विमान हांकण्यास ती पदवी कशाला?" भोंवतालचे विद्यार्थी हंसले. आम्हीही हंसलों, पण उत्तर कांहीं सुचलें नाहीं. वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागितला आहे, तेव्हां तें उत्तर येथें देण्याचा यत्न करितों.

हेडमास्तरांचा प्रश्न निराधार नव्हता. आपल्या देशांत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास पदवीची अट नाहीं. पदार्थविज्ञान व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावें, डोळे, कान व हृदय यांची कसून तपासणी करून घ्यावी, नागरी विमानचालन महासंचालनालयाच्या लेखी परीक्षांत शेंकडा ७० गुण मिळवावे आणि २०० तास उड्डाण करावें. त्यांतही निदान १०० तास विमानाची सर्व जबाबदारी स्वतःच्या शिरावर असावी, म्हणजे कायद्याचें बहुतेक समाधान होतें. पदवीच्या तीन वर्षांत याखेरीज विमानतळाचा कारभार, हवाई वाहतुकीचे कायदे, थकलेल्या माणसाचें मन कोठें चुकतें, असे कितीतरी विषय शिकवितात. २०२२ सालीं मुंबईस नांव घातलें तेव्हां त्यांतील निम्मा भाग आम्हांसही पाल्हाळच वाटला होता.

प्रत्यक्ष उड्डाणासाठीं आमची रवानगी खानदेशांत झाली. आमचें गांवही त्याच मुलखांत. पहांटे साडेपांचास धावपट्टीवर हजर राहावें लागे. कारण मे महिन्यांत दहा वाजले कीं हवा तापून विरळ होते, पंखांस तिचा आधार कमी मिळतो, आणि विमान जमीन सोडण्यापूर्वी नेहमींपेक्षां पुष्कळच अधिक धांवतें. आमचें सेसना १७२ हें चार आसनांचें विमान प्रथम पाहिलें तेव्हां, खरें सांगावयाचें तर, थोडी निराशाच झाली. गांवच्या जीपगाडींत याहून अधिक माणसें बसतात! त्यांत बसण्यापूर्वी हातीं कागद घेऊन, त्यावरील एकेक ओळ मोठ्यानें वाचीत, सबंध विमान तपासावें लागतें. पंखाखालून थोडें पेट्रोल कांचेच्या नळींत काढून उजेडांत धरावयाचें. तें निळसर असतें. त्यांत पाणी मिसळलें असेल तर तें बिनरंगी थेंबाच्या रूपानें तळाशीं बसतें, आणि तो एक थेंब हवेंत इंजिन बंद पाडूं शकतो. आमच्या घरीं पाणी हा शब्द फार आदरानें उच्चारिला जातो. येथें तें शोधून काढून जमिनीवर ओतावयाचें, ह्याची संवय होण्यास आम्हांस बरेच दिवस लागले.

आमचे वडील, आप्पा, सात एकर कोरडवाहू जमिनींत कापूस काढतात. त्यांपैकीं तीन एकर आमच्या शिक्षणासाठीं बँकेकडे गहाण आहे. नवशिक्या वैमानिकास डोळ्यांच्या भरंवशावर उडावयाचें असल्यामुळें पांच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसलें पाहिजे, आणि ढगांपासून आडवें दीड किलोमीटर व उभें ३०० मीटर दूर राहिलें पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे पावसाळ्यांत आमची उड्डाणाची नोंदवही बहुधा कोरी. आप्पा ढगांची वाट पाहत, आणि आम्ही ते सरण्याची.

२०२३ चा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत सबंध देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यांत आमच्या नोंदवहींत ३१ तास चढले. पहिलें एकट्याचें उड्डाणही त्याच महिन्यांतलें. शिक्षक खालीं उतरले, दार लावून घेतलें आणि हातानेंच 'जा' अशी खूण केली. त्यांच्या वजनाइतकें हलकें झालेलें विमान अपेक्षेच्या आधींच उचललें गेलें, आणि शेजारचें रिकामें आसन पाहून आमच्या घशास कोरड पडली. उजवीकडे रान दिसत होतें. विहिरींभोंवतालचे कांहीं हिरवे तुकडे सोडले तर सारें पिंगट. एक फेरी घालून उतरलों. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर विद्यार्थ्याच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतण्याची चाल आहे. त्या दिवशींचें पाणी टँकरनें आलेलें होतें. मित्रांनीं एक सोडून तीन बादल्या ओतल्या. संध्याकाळीं आप्पांचा फोन आला. उड्डाणाची हकीकत ऐकून ते फार हर्षले. मग जरा थांबून म्हणाले, "वरून कुठं ढग दिसला का रे?" आम्ही नाहीं म्हणालों. बादल्यांची गोष्ट मात्र सांगितली नाहीं.

सप्टेंबरांत पाऊस आला. उड्डाणें बंद पडलीं. आम्ही हँगरच्या दारांत बसून पत्र्यावरचा आवाज ऐकत होतों आणि, सहाध्याय्यांस चमत्कारिक वाटेल म्हणून, आनंद लपवीत होतों. पण बोंडांचा हंगाम हातचा गेलाच होता. कापूस निम्म्यावर आला. एक एकराचा खर्च वजा जातां जें उरतें तें आमच्या दोन तासांच्या उड्डाणास पुरत नाहीं. तेव्हां पुढील हप्ता भरणें शक्यच नव्हतें. चार महिने आमचें उडणें थांबलें. बरोबरीचे पुढें गेले. त्या चार महिन्यांत जें चालूं राहिलें तें पदवीचें वाचन. कारण पुस्तकास पेट्रोल लागत नाहीं. हवामानशास्त्राच्या पुस्तकांत पाऊस कां लांबतो हेंही तेव्हांच नीट वाचलें. शिवाय उद्यां वैद्यकीय तपासणींत डोळ्यांनीं वा हृदयानें दगा दिला तर परवाना जातो. पदवी कोणास काढून घेतां येत नाहीं. हेडमास्तरसाहेब, आमचें उत्तर हें एवढेंच आहे.

आज नोंदवहींत १३७ तास आहेत, ६३ उरले. परवान्यासाठीं लागणारा ३०० सागरी मैलांचा, दोन निराळ्या विमानतळांवर उतरून करावयाचा प्रवास डिसेंबर २०२४ मध्यें आटोपला. आमचें गांव त्या वाटेच्या दहा मैल उत्तरेस राहतें. निघण्यापूर्वी शिक्षकांनीं नकाशावरील त्या गांवावर बोट ठेवून आमच्याकडे नुसतें पाहिलें; आपल्या घरावर खालीं येऊन घिरटी घालण्याच्या मोहानें कितीतरी नवशिके प्राणांस मुकले आहेत. आम्ही वाट सोडली नाहीं. परंतु आईस ती तारीख ठाऊक होती. सकाळपासून ती शेतांत उभी राहिली, आणि दहा वाजतां तिला डोक्यावरून जाणारें विमान दिसलें. तिनें हात हलविला, बांधावरच्या बायकांस दाखविलें, आणि रात्रीं फोनवर विचारलें, "मी दिसले का रे तुला?"

दहा वाजतां आम्ही दुसऱ्या विमानतळावर चहा पीत होतों. तें विमान कोणाचें होतें कोण जाणे. आम्ही "हो, दिसलीस" असें सांगून टाकलें आहे. म्हणून वार्षिकाचा हा अंक घरीं न्यावा कीं न्यावा नाहीं, हें अद्याप ठरलेलें नाहीं.