मुशींतून सुटलेले दागिने

नागपुरास कामानिमित्त गेलों कीं एखादी दुपार ‘अजबबंगल्या’त काढावयाची, ही माझी जुनी खोड आहे. १८६३ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचें नांव मध्यवर्ती संग्रहालय. पण वऱ्हाडांतून येणाऱ्या माणसाच्या तोंडीं अजबबंगलाच बसलेला. शस्त्रें आणि शिलालेख यांपुढें माझे पाय फारसे रेंगाळत नाहींत. आदिवासी स्त्रियांचे दागिने मात्र मला खिळवून ठेवितात. वणीच्या बाजारांत लहानपणीं गोंड-कोलाम बायांच्या हातांपायांत जे वाजतांना ऐकले, तेच येथें कांचेआड मुके झालेले!

अशा दालनांत पितळ आणि कांसें पुष्कळ दिसतें. आमच्याकडील कुणब्यांच्या घरांतली जाडजूड चांदी मात्र तिच्या एके काळच्या प्रमाणांत मला कोणत्याही संग्रहालयांत आढळली नाहीं. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. चांदीला तोळ्याचा भाव असतो. पितळेच्या कड्यावर सावकार काय देणार? जें गहाण पडूं शकत नव्हतें तेंच मागें उरलें, आणि उरलें म्हणून कांचेआड गेलें.

माझी आजी वणीचीच. १९२९ नंतर कापसाचा भाव कोसळला. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णमान सोडला, सोन्याचा भाव चढला, आणि हिंदुस्थानांतील अडल्यानडल्यांचें सोनें आगबोटी भरभरून विलायतेस जाऊं लागलें. आमच्या घरांतून आधीं पुतळ्यांची माळ गेली, मागून चांदीचे तोडे आणि गोठ. सोनारानें बागेसरी पेटविली, डाकाची तूट वजा केली. घडणावळ तर बुडालीच. म्हातारपणीं आजी मला म्हणाली, “तोडे मोडले त्याचं काई नाई रे बाबू, पन मुशीत टाकले तवा वाजले नाई, थे जीवाले लागलं.” त्या काळच्या अर्थकारणावर मीं पुढें पुष्कळ वाचलें, इतकें नेमकें कोठें वाचावयास मिळालें नाहीं.

पितळेचें नशीब निराळें. वणीहून दक्षिणेस पैनगंगा ओलांडली कीं आदिलाबाद जिल्हा लागतो. तेथील ओझा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळून वस्तूचा आकार घडवितात व त्यावर पुन्हां माती लेपतात. आंच दिली कीं मेण वितळून जातें आणि त्याच्या रिकाम्या जागेंत तापलेलें पितळ उतरतें. सांचा फोडल्याशिवाय वस्तु बाहेर येत नाहीं, म्हणून एका कड्यासारखें दुसरें कडें नसतें. २०१८ सालीं या कामास भौगोलिक मानांकन मिळालें, हें बरें झालें.

हीच विद्या आफ्रिकेंतील बेनिन नगराच्या एडो लोकांनीं पराकाष्ठेस नेली. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीज व्यापारी नालाच्या आकाराचीं कडीं नाण्यांसारखीं घेऊन तेथें येत. एडो ओतारी तीं वितळवीत आणि आपल्या राजाच्या, म्हणजे ओबाच्या, दरबारासाठीं मुखवटे, पत्रे, कंकणें ओतीत. कांहीं कंकणांवर त्या पोर्तुगिजांचींच मुंडकीं कोरलेलीं आहेत. ज्याचें पितळ त्याचेंच तोंड, असा तो मिस्किल न्याय! तेथें मुशीनें दागिना जन्मास घातला. आमच्याकडे तिनें तो गिळला.

१८९७ सालीं इंग्रजी फौजेनें बेनिन लुटलें, आणि तें धातुकाम लंडन-बर्लिनच्या संग्रहालयांत जाऊन बसलें. आतां तें परत मिळत आहे. २०२२ सालीं लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयानें ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे दिली. २०२५ सालीं हॉलंडनें ११९ वस्तु परत केल्या. हें वाचून आनंद झाला, आणि किंचित् असूयाही वाटली. लुटीच्या मालास फिर्यादी असतो, दाद मागण्यास दार असतें. स्वतःच्या हातानें तराजूंत घातलेल्या तोड्यांसाठीं कोणाकडे मागणें मागावें?

शिवाय ती चांदी नाहींशी झाली असेंही म्हणवत नाहीं. सोनाराच्या मुशींत दहा घरांची चांदी एक होते आणि अकराव्या घरीं जाते. वणींतल्या एखाद्या लग्नघरीं नव्या सुनेचे पैंजण वाजतात, तेव्हां त्यांत कोणाकोणाचे तोडे आहेत, हें घडविणाऱ्यासही सांगतां यावयाचें नाहीं.