पस्तीस कसे आले?

५२ वजा २७ किती? पोराने वहीत लिहिलंय ३५. आता तुम्ही मास्तर आहात.. काय कराल? फुली माराल, शेजारी २५ लिहाल आणि पुढची वही ओढाल. बरोबर?

पण राव, हे ३५ दोन रस्त्यांनी येतं. एक तर पोराने खालीवर न बघता मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. किंवा हातचा घेतला, बारातून सात नीट घालवले, पण दशकातला एक कमी करायचाच राहिला. आमच्या भाषेत, एरर एकच, बग दोन! हुशार बाई लगेच ८३ वजा ४६ घालतील. ४३ आलं तर पहिला बग, ४७ आलं तर दुसरा.

माझी मावसबहीण डी.एल.एड. करतेय (म्हणजे आपलं जुनं डी.एड.). तिला हे जमतं की नाही, हे कोण तपासणार? टीईटी? तिथे १५० प्रश्न, १५० मिनिटं आणि चारातला एक पर्याय. विषयाची जाण कळेल, नाही असं नाही. पण समोरचं पोर कुठे अडकलंय हे ऐकायचा कान त्यात कुठून दिसणार? मग उरतो सराव पाठ. टाचण, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, मागे वही घेऊन बसलेले निरीक्षक. तर ही बया म्हणते, "दादा, पाठाच्या दिवशी चुकणाऱ्या पोरांना मी उठवतच नाही. वेळ जातो ना!"

घ्या! जे बघायचं तेच गायब.

गंमत म्हणजे १९७८ साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी 'बगी' नावाच्या कॉम्प्युटर खेळावर लिहिलं होतं. त्यात कॉम्प्युटर चुकणारा विद्यार्थी होतो. भावी शिक्षकांनी त्याला गणितं घालून चूक हुडकायची आणि मग त्याच चुकीने गणितं सोडवून दाखवायची. माझ्या मते सराव पाठात असं काहीतरी हवंच. निरीक्षकांनी फलकलेखनाचे थोडे मार्क कापावेत आणि एक चुकलेली वही हातात द्यावी. पुढचं गणित कोणतं घालशील, एवढंच विचारावं.

बहिणीसाठी मी पायथनमध्ये तसला छोटा खेळ लिहिला. तिसऱ्या गणितात तिने बग पकडला.. आणि म्हणाली, "पण दादा, वर्गात चाळीस पोरं असतात रे."